कारणाचा रकाना

चोपडा तालुक्यात जखमांनाही हंगाम असतो. मृग बरसला की सापाचे पेशंट सुरू होतात. पेरणीच्या घाईत ओल्या हाताने मोटारीचा स्टार्टर दाबणाऱ्याला शॉक लागतो. ऑगस्ट-सप्टेंबरात कपाशीवर फवारणी चालते, तेव्हा तोंडाला फडकंही न बांधता पाठीवर पंप घेतलेले मजूर चक्कर, उलट्या आणि बारीक झालेल्या बाहुल्या घेऊन येतात. दिवाळीच्या आगेमागे विळ्याने आणि कुट्टीच्या मशीनने बोटं जातात. ऊसतोड लागली की अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर मागे रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या अंधारात उभ्या राहतात आणि मोटारसायकलवाला त्यांच्यात घुसतो. लग्नसराईत एकेका गाडीवर तिघं-तिघं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मधल्या काळ्या जमिनीत केळी आणि कापूस. या पट्ट्यात वर्षभर कोण कुठे लागून-फुटून येईल, हे दवाखान्यातला जुना माणूस महिना ऐकून सांगू शकतो.

हे सगळं सरकारी दवाखान्यातल्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत उतरतं. तारीख, नाव, वय, गाव, जखमेची जागा, कारण, उपचार. या गोष्टीतलं प्राथमिक आरोग्य केंद्र सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, त्याला नाव नाही, आणि त्यातली माणसंही मी नावांशिवायच सांगणार आहे.

त्या केंद्रात एक मुलगी आली. समाजकार्याच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला होती, महिन्याभराचं ब्लॉक प्लेसमेंट होतं. घर तापीपलीकडे, धरणगाव तालुक्यात. चोपड्याला खोली घेऊन राहायची, सकाळच्या एसटीने यायची. स्टाफने पहिल्याच दिवशी तिचं नाव पाडलं, कॉलेजवाली. तेच आपणही चालवू.

डॉक्टर तरुण होते आणि मनापासून काम करणारे होते. त्यांनी तिला वर्षाचं रजिस्टर दिलं आणि सांगितलं, "हे सगळं संगणकावर चढव. आपल्याकडे कुठल्या जखमा येतात, त्यातल्या कुठल्या टाळता येतील, एवढं मला सांग. वहीत सगळं आहे, पण बसून कुणी पाहिलेलं नाही." मग त्यांनी आपलं आवडतं उदाहरण दिलं, ते प्रत्येक विद्यार्थ्याला द्यायचे. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लागले. कोकणात विंचू चावून माणसं, विशेषतः लेकरं मरत होती आणि ती नेमकी कशाने मरतात हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. बावस्कर पेशंटच्या उशाशी रात्र रात्र बसले. नाडी, रक्तदाब, घाम, श्वास, जे दिसेल ते लिहून ठेवलं. त्या नोंदींतून त्यांना हृदयावरचा ताण दिसला, पुढे प्राझोसिन हे औषध लागू पडलं आणि बिरवाडी-महाडच्या खाटांवरचं निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. "तेही पीएचसीच होतं," डॉक्टर म्हणायचे, "आपल्यासारखंच."

कॉलेजवाली कामाला लागली. हात चलाख होता. आठवडाभरात वही संगणकावर आली, रंगीत वर्तुळं तयार झाली. साप एका रंगात, वाहन दुसऱ्या, विषबाधा तिसऱ्या. सगळ्यांत मोठी फोड निघाली ती 'पडून' या कारणाची. घरी पडून. ओट्यावरून पडून. न्हाणीत पाय घसरून. पायरीवरून पडून. बायकांच्या नोंदींमध्ये तर दुसरं कारण शोधावं लागत होतं. तिने त्यावरून शिफारशीही लिहून काढल्या: न्हाणीत खरबरीत फरशी, ओट्याला कठडा, अंगणात रात्रीचा दिवा, आणि 'सांभाळून चाला' असं एक पोस्टर. पोस्टरवर निसरड्या पायरीवरून घसरणारी नऊवारीतली बाई होती. चित्र चांगलं काढलं होतं.

दुपारी ओपीडी ओसरली की ती ड्रेसिंगच्या खोलीत जेवायला बसायची, कारण पंखा तिथलाच बरा होता. त्या खोलीचे मालक म्हणजे नाना. ड्रेसर. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेला माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जखमा धुतलेला. कळण्याची भाकरी आणि ठेचा संपवून, हात धुऊन नाना ते पोस्टर न्याहाळत उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, उठ. आते पड."

"काय?"

"पड. पडानं सोंग कर."

ती उठली, हसली आणि पुढे झोक गेल्यासारखं केलं. दोन्ही तळहात आपोआप पुढे आले. नानांनी तिचे तळवे उलटे करून दाखवले. इथे खरचटतं, म्हणाले. नाहीतर मनगट मोडतं. नाहीतर गुडघा. मग काही कळायच्या आत त्यांनी टेबलावरचा स्टीलचा ट्रे उचलून तिच्या डोक्यावर धरला. मारायला धरतात तसा. तिचा उजवा हात विचार करायच्या आधीच वर गेला, चेहऱ्यासमोर आडवा झाला. नानांनी ट्रे खाली ठेवला आणि कोपराच्या खाली, हाताच्या बाहेरच्या बाजूला, करंगळीच्या रेषेत बोट टेकवलं.

"आठे लागस," ते म्हणाले. "पडेल मानूस हात टेकस. मार खानारा मानूस हात आडवा करस."

कॉलेजवालीने आपला तो हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता. शवविच्छेदन आणि न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत या जखमांना बचावाच्या जखमा म्हणतात, त्यावर प्रकरणं आहेत. नानांनी ती पुस्तकं वाचलेली नव्हती. त्यांनी हात पाहिले होते.

"नाना, हे तुम्ही कधी कुणाला सांगितलं का नाही?"

"आमले कोन इचारस?" नाना म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. पेशंट जे कारण सांगतो तेच वहीत लिहायचं, हा नियम होता, आणि तो त्यांनी पाळला होता. पण जखमेची जागा मात्र त्यांच्या सांगण्यावरून लिहिली जायची, आणि तिथे त्यांनी कधी ढिलाई केलेली नव्हती. डावा की उजवा, कोपराच्या वर की खाली, आतली बाजू की बाहेरची.

त्या दुपारी ती पुन्हा वही घेऊन बसली. या वेळी कारणाच्या रकान्यावर कागद ठेवला आणि फक्त जखमेची जागा वाचत गेली. पुरुषांचं पडणं तळहातावर, गुडघ्यावर, घोट्यात, मनगटात होतं. म्हाताऱ्या बायकांचंही तसंच, त्यांची मनगटं आणि खुबे खरोखर पडूनच मोडलेले होते. मधल्या वयाच्या बायकांचं पडणं वेगळं होतं. डोळ्याखाली. कानामागे. दंडावर. पाठीवर. उजवा हात, कोपराखाली, बाहेरची बाजू. आणखी एक गोष्ट तिने तपासली, जी वहीत कुणी लिहिलेली नव्हती पण तारखेत दडलेली होती, ती म्हणजे वार. गावाच्या आठवडे बाजाराच्या दुसऱ्या दिवशी या नोंदींची गर्दी होती. बाजाराच्या दिवशी मजुरीचे पैसे वाटले जातात. तिने नानांना तारखा दाखवल्या तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ओटाले काय बजारना दिन समजस?"

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जखमेच्या जागेवरून एखाद्या बाईला मार बसला असा निवाडा करता येत नाही. गाय लाथ मारते, दार कपाळावर बसतं, माणूस कुशीवरही पडतो. जागा फक्त एवढंच सांगते की अजून एक प्रश्न विचारायला हवा होता. तो कसा विचारायचा, हे मात्र कॉलेजवालीला अजून कळलेलं नव्हतं.

पुढच्या बाजारानंतरच्या सकाळी एक बाई आली. तिशीच्या आतली. हातावर जखम, टाके घालावे लागले. सोबत सासू होती, कडेवर लेकरू सासूच्याच होतं. टाके घालून झाल्यावर कॉलेजवाली वही घेऊन पुढे झाली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, खरं सांगा, घरात कुणी मारलं का?"

सासूने लेकरू एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. बाईने सासूकडे पाहिलं नाही, भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे पाहिलं. "पडनू ना ताई. ओटावरथीन."

टाके काढायला ती आली नाही. ठरलेला दिवस गेला, दुसरा गेला. गावातली आशा कार्यकर्ती, म्हणजे आशाताई, घरी जाऊन आली तेव्हा कळलं की टाके घरीच कुणीतरी ब्लेडने काढले, आणि 'त्या दवाखान्यात चौकश्या करतात' म्हणून घरच्यांनी तिला पुन्हा पाठवायचं नाही असं ठरवलंय.

इनचार्ज सिस्टर कडक बाई. त्यांनी कॉलेजवालीला बाजूला घेतलं, पण आवाज चढवला नाही. "तुला उत्तर हवं होतं, हो ना? समजा तिने दिलं असतं. हो, नवऱ्याने मारलं, असं म्हणाली असती. तू तिला काय देणार होतीस? ती घरी कुणाबरोबर जाणार होती?"

कॉलेजवालीकडे उत्तर नव्हतं. संध्याकाळच्या एसटीत ती खिडकीशी बसून राहिली. रात्री तिने कॉलेजच्या मॅडमना फोन लावला.

मॅडमनी तिला रागावण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी मुंबईची हकीकत सांगितली. तिथल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीतल्या बायकांच्या नोंदी 1990 च्या दशकात अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा पंधरा वर्षांवरच्या दर तिघींमधल्या जवळपास दोघी घरातल्या हिंसेच्या निश्चित किंवा संभाव्य बळी दिसल्या. कागदावर मात्र अनेकींचं कारण अपघात असंच. पुढे 2000 साली मुंबई महापालिका आणि सेहत या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र उभं केलं. दवाखान्यातच, ओपीडीला लागून. तिथे परिचारिकांना शिकवलं गेलं की अशी जखम दिसली तर काय बोलायचं, कुठे बोलायचं, काय लिहायचं आणि पुढे कुणाकडे न्यायचं. मग हाच प्रयोग मुंबईच्या इतर रुग्णालयांत गेला. त्याच्याही आधी, 1984 पासून, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने मुंबईत पोलिसांच्या आवारातच समाजकार्यकर्त्या बसू लागल्या होत्या, बायका-मुलांसाठीच्या विशेष कक्षात.

"म्हणजे," मॅडम म्हणाल्या, "आधी दार, मग प्रश्न. दार म्हणजे तिला दुसरीकडे जायला वाट. ती वाट नसताना विचारलेला प्रश्न तिला आणखी कोंडून टाकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण वाचलं आहेस ना तू? 2019-21 चं. हिंसा सोसलेल्या शंभर बायकांपैकी 77 जणींनी ना कुणाची मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. त्या सांगत नाहीत, पण टाके घालायला येतात. तुमच्या खोलीत येतात."

दुसऱ्या दिवसापासून कॉलेजवालीने संगणकाला हात लावला नाही. तिने आधी वाटा शोधल्या. तालुक्यासाठी संरक्षण अधिकारी कोण, कुठे बसतात, कोणत्या दिवशी भेटतात. 2005 च्या घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात दवाखान्याचं काम काय. 181 या महिला हेल्पलाइनवर रात्री फोन लागतो का, हे तिने स्वतः लावून पाहिलं. कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते आणि बाईला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, ही माहिती आशाताईंनाही नवीन होती. जिल्ह्याच्या ठिकाणचं, अशा बायकांसाठीचं सखी केंद्र. या सगळ्याची एक छोटी चिठ्ठी केली, औषधाच्या पुडीवर मावेल एवढी. चिठ्ठी घरी नेणं बाईला धोक्याचं असू शकतं म्हणून सिस्टरनी तिच्या मागे लोहाच्या गोळ्या कधी घ्यायच्या ते छापून घेतलं.

मग नानांनी खोलीचा नियम बदलला. ड्रेसिंगला पेशंटने एकट्यानेच आत यायचं. बाई असो, बाप्या असो, म्हातारा असो. लहान लेकरू तेवढं आईबरोबर. खोलीतला बाक बाहेर काढला, आत एकच स्टूल ठेवलं आणि दारावर पाटी लावली: 'जंतुसंसर्ग टाळण्यासाठी आत एकच व्यक्ती.' ती खरीच गोष्ट होती, तिला कुणी हरकत घेऊ शकलं नाही. फक्त सुनांनाच वेगळं बोलावलं असतं तर आठ दिवसांत गावभर झालं असतं. सगळ्यांना एकच नियम लावला म्हणून कुणावरच बोट आलं नाही. या सगळ्या गोष्टीत मला सर्वांत शहाणपणाचं काय वाटतं, तर हे स्टूल.

आत सिस्टर बोलायच्या. जखम धुताना, नजर जखमेवर ठेवून. "अशी जखम घेऊन बऱ्याच जणी येतात. कधी पडलेल्या असतात, कधी कुणी मारलेलं असतं. सांगावंसं वाटलं तर सांगा, नाही वाटलं तरी ड्रेसिंग तसंच होईल." एवढंच. गप्प राहणाऱ्या बाईला दुसऱ्यांदा विचारायचं नाही, फक्त पुढची तारीख द्यायची.

आणि बोलली ती फक्त सूनच नव्हती. एक सालदार आला, बैलाने ढुशी दिली म्हणून. दार लोटल्यावर म्हणाला, मालकाने पराणीने मारलं, उचल फिटलेली नाही म्हणून कुठे बोलता येत नाही. एक म्हातारे बाबा आले, त्यांचं पडणं मुलाच्या हातून झालेलं होतं. कॉलेजवाली ज्याला बायकांचा प्रश्न समजत होती तो ज्याचं कुठे चालत नाही त्या प्रत्येकाचा होता.

अडचण आली ती डॉक्टरांपाशी. मासिक अहवालात 'मारहाण' या सदरातला आकडा एकदम चढला. डॉक्टर टेबलावर पेन आपटत बसले. "वरून विचारतील. बाकी केंद्रांवर नाही आणि तुमच्याकडेच एवढी मारहाण कशी? काय सांगू?"

सिस्टर दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "सर, बावस्कर सरांनी लिहायला सुरुवात केली तेव्हा बिरवाडीत विंचू वाढले होते का?"

डॉक्टर हसले नाहीत. बराच वेळ अहवालाकडे बघत राहिले, मग कॉलेजवालीला म्हणाले, "बस. याला एक टीप जोडायची. कोणत्या तारखेपासून आपण एकट्याने विचारायला लागलो ते लिही. कसं विचारतो ते लिही. आधीच्या महिन्यांशी हा आकडा जुळवून पाहू नये, असंही लिही." दोघांनी मिळून अर्ध्या पानाची टीप लिहिली. आकडेवारीच्या कामात एवढा प्रामाणिक कागद मी क्वचितच पाहतो. बहुतेक ठिकाणी आकडा वाढला की प्रसंग वाढले असं धरतात आणि कमी झाला की पाठ थोपटतात. मोजायची पद्धत बदलली का, हे विचारायचं राहून जातं.

त्या अहवालावरून आणखी एक धडा मिळाला. कॉलेजवालीने गावनिहाय तक्ता केला होता. नावं काढून टाकली होती, फक्त गाव, वय, स्त्री की पुरुष. सिस्टरनी एका ओळीवर बोट ठेवलं. एका छोट्या पाड्याचं नाव, समोर एक आकडा आणि वय. "त्या पाड्यावर घरं किती? या वयाच्या बायका किती? ग्रामपंचायतीत हा कागद गेला की ती कोण ते दहा मिनिटांत कळेल. इथे नाव लिहिलं नाहीस, पण सांगितलंस." तक्ता पुन्हा झाला. पाडे एकत्र करून, वयं गटांत घालून, जिथे आकडा फारच लहान तिथे तो दाखवायचाच नाही असं ठरवून.

मग त्या आकड्यांचं करायचं काय? मॅडमनी तिला ब्रिटनमधल्या कार्डिफचं उदाहरण वाचायला दिलं होतं. जोनाथन शेपर्ड हे तिथले जबड्याचे आणि चेहऱ्याचे सर्जन. मारामारीत जबडा फुटून आलेल्या कितीतरी लोकांची पोलिसांकडे नोंदच नसते, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी दवाखान्यात कुठे, केव्हा आणि कशाने एवढं विचारून घ्यायची पद्धत घातली आणि नावं गाळून ती माहिती पोलीस व नगर प्रशासनाला द्यायला लावली. 2011 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या अभ्यासात, तशाच इतर शहरांच्या तुलनेत कार्डिफमध्ये मारहाणीमुळे भरती होणारे पेशंट कमी झाल्याचं दिसलं. तिथे बहुतेक प्रश्न दारूच्या गुत्त्यांचा आणि रस्त्यांचा होता. इथे घराचा. 'कुठे' याचं उत्तर ठरलेलंच, पण 'केव्हा' उपयोगी होतं.

आशाताईंनी तो वार बचत गटाच्या बायकांपुढे ठेवला. कुणाचं नाव नाही, गाव नाही, फक्त बाजाराची संध्याकाळ. बायका आधी गप्प होत्या. मग एकीने सांगितलं की भांडण पैशांवरून लागतं, दोघांच्या मजुरीचा पैसा एकाच्या खिशात येतो आणि घरी पोचेपर्यंत निम्मा झालेला असतो. दुसरी म्हणाली, मागायला गेलं की हात उठतो. दारूबंदीचा ठराव, मोर्चा, असं बरंच बोलणं झालं. अखेरीस ठरलं ते अगदी साधं. गटाची बैठक आतापर्यंत महिन्याच्या एका दुपारी व्हायची, ती दर बाजाराच्या संध्याकाळी अंगणवाडीत घ्यायची. बचतीचा पैसा बाजारातूनच परस्पर गटाच्या पेटीत टाकायचा. आणि ज्या बाईला त्या रात्री घरी जायची भीती वाटेल तिच्याबरोबर चौघी जातील. याने मारहाण थांबली असं मी म्हणणार नाही, तेवढा काळही लोटलेला नाही. त्या संध्याकाळी बायकांना बसायला एक जागा झाली, एवढं खरं.

महिना संपला. कॉलेजवालीने अहवाल दिला, पोस्टर काढून घेतलं, सगळ्यांना पेढे वाटले आणि गेली. शेवटच्या दिवशी नानांनी तिला विचारलं, टाके काढायला न आलेली ती बाई आठवते का. तिला रोजच आठवत होती.

ती बाई चार-पाच महिन्यांनी आली. लेकराच्या लसीकरणाला. या वेळी सोबत आशाताई होती, सासू नव्हती. लस झाल्यावर तिने दाराशी विचारलं, "ड्रेसिंगवाला नाना शेतस का?" आत गेली. स्टुलावर बसली. जखम कुठे नव्हती, जुना व्रण होता. तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा होता. वकिलांनी सांगितलं होतं, दवाखान्याचा कागद आणा.

सिस्टरनी जुनं रजिस्टर काढलं. कारणाच्या रकान्यात लिहिलेलं होतं, 'ओट्यावरून पडून.' बाईने ते वाचलं, तिला वाचता येत होतं. "हाई खोडी टाका ना," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. जुनी नोंद खोडता येत नाही. खोडली तर कोर्टात तो सगळाच कागद खोटा ठरू शकतो. त्या दिवशी सगळ्यांसमोर, सासूच्या देखत तो प्रश्न विचारला गेला होता, आणि त्याचं उत्तर आता तिच्याविरुद्ध उभं होतं. डॉक्टरांनी नवा केसपेपर घेतला. आजची तारीख घातली. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहिलं, कुणी, केव्हा, कशाने, आणि त्या दिवशी खरं का सांगता आलं नाही तेही. व्रणाची लांबी मोजली, आकृती काढून जागा दाखवली. कायद्याच्या नियमाप्रमाणे वैद्यकीय अहवालाची प्रत बाईला मोफत द्यायची असते, ती दिली.

मग नानांनी जुन्या ओळीतला दुसरा रकाना दाखवला. जखमेची जागा: 'उजवा हात, कोपराखाली, बाहेरची बाजू.' डॉक्टरांनी आपल्या नव्या आकृतीकडे पाहिलं, जुन्या नोंदीकडे पाहिलं आणि त्या पानाचीही साक्षांकित प्रत काढायला सांगितली. अशी जखम हात आडवा धरल्यावर होऊ शकते, एवढं मत त्यांनी नव्या कागदावर सहीनिशी लिहिलं. त्यापलीकडे एक अक्षर नाही.

आशाताई आणि ती बाई दुपारच्या एसटीने चोपड्याला गेल्या. दोन्ही कागद संरक्षण अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवले गेले, आणि घटनेच्या अहवालाचा अर्ज त्याच दिवशी भरला गेला.